तीन वर्षांचा कागद

कडेगाव,
११ ऑगस्ट २०२५

चि. जयराज यास आबाचा आशीर्वाद.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू 'हं' आणि 'बरं' याच्या पुढं जात नाहीस, आणि समोरचा गप्प असला की मलाही बोलणं जमत नाही. कारखान्यात तीस वर्षं संघटनेची पत्रकं लिहिली, तेव्हा कागदावर जरा बरं सुचेल असं वाटलं. होस्टेलच्या पत्त्यावर टाकतोय. मिळालं की शिवांजलीला कळव, मला नाही कळवलंस तरी चालेल.

इकडं ठीक आहे. खालच्या रानात उसाची आडसाली लावण उरकली, कालव्याचं पाणीही या खेपेला वेळेवर आलं. माझी शुगर थोडी वर आहे, डॉक्टरनं गोळी बदलून दिलीय. शिवांजली दवाखान्यातल्या कामावर जाते, आली की स्वयंपाक करते, सासऱ्याचं ताट वाढते आणि आत जाऊन बसते. पूर्वी जेवताना दवाखान्यातल्या गमती सांगायची. आता विचारलं तर सांगते, एवढंच.

तू सांगली संघाच्या एक वर्षाच्या कराराच्या कागदावर सही केलीस, हे तिच्याकडूनच कळलं. बरं केलंस. मोसम सुरू व्हायच्या तोंडावर घरी बसून राहण्यापेक्षा खेळत राहिलेलं चांगलं. शेवटी तुझ्यापुढं दुसरा कागदच नव्हता.

मे महिन्यात अंगणात बसून तू मला तुमच्या बास्केटबॉल लीगचा नियम समजावला होतास, ते सारखं आठवतं. "आबा, माझी तीन वर्षं संपली. मी मोकळा हाय, पण पुरता न्हाई. दुसऱ्या संघानं मला कागद दिला, तर सांगलीवाल्यांना चार दिवस मिळत्यात. तेवढंच आमी देतो म्हणाले की मी परत त्यांचाच." मी म्हटलं, "म्हंजे बांधाशेजारच्या भावकीचा पहिला हक्क." तू मोठ्यानं हसलास. मग म्हणालास, "तुमीच बोला त्यांच्याशी. मला न्हाई जमत. मी लगेच हो म्हणून बसतो." सहा फूट पाच इंचांचा पोरगा, रिंगखाली चौघांत घुसून चेंडू काढणारा, आणि टेबलाशी बसवला की मान खाली. मला तेव्हा तुझी कीव आली आणि, खरं सांगायचं तर, बरंही वाटलं. रिटायर झाल्यापासून मला कोणी बोलणी करायला बोलावलं नव्हतं.

जूनमध्ये सांगलीला त्यांनी दोन वर्षांचं बोलणं काढलं, तेव्हा आपण उठून आलो. ते बरोबरच होतं, मला अजून तसंच वाटतं. तुझ्या खेळापुढं ते फार थोडं होतं. मग साताऱ्याहून नाथाजी सुभेदारांचा फोन आला, आमच्या संघाला पोरगा हवाय म्हणून. ते फिरले, त्याला तू किंवा मी काय करणार? त्यांनी कारण सरळ सांगितलं. "जयराजला कागद दिला की चार दिवस आमचे पैसे अडकणार, आणि पाचव्या दिवशी सांगलीवाले त्याला ठेवूनच घेणार. तवर दुसरे पोरगे हातचे जातील." त्यांनी नाशिकचा पोरगा घेतला. सगळ्याच संघांनी असंच गणित केलं असणार, म्हणून कोणी दार वाजवलं नाही.

शिवांजलीवर राग धरू नकोस. परवा तू फोनवर तिला म्हणालास म्हणे, की तुला माहेर जवळ पाहिजे होतं म्हणून मी साताऱ्याची वाट बघत बसलो. तिनं मला काही सांगितलं नाही. स्पीकर चालू होता, मला पडवीत ऐकू आलं. सातारा झालं तर शिरवळ जवळ पडेल, असं ती एकदा म्हणाली असेल. म्हणून काय तिच्या म्हणण्यावर सगळं ठरलं नव्हतं. तिला समजून घे.

याबद्दल आत्ता जास्त लिहीत नाही. घोट्याला तेल लावतोस का?

तुझा,
आबा

*

कडेगाव,
१४ सप्टेंबर २०२५

चि. जयराज,

पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. येईल असं मीही धरलं नव्हतं. हे पत्र मात्र शेवटपर्यंत वाच. अर्धं वाचून फेकावंसं वाटेल, तरी वाच.

शिवांजली गेल्या रविवारी शिरवळला गेली. भांडून नाही गेली. सकाळी माझ्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून ठेवल्या, दुधाचं सांगितलं, आणि बॅग घेऊन उभी राहिली. मी म्हटलं, "किती दिवसांसाठी?" ती म्हणाली, "माहीत नाही आबा. ते माझ्याशी बोलत नाहीत. बोलले की तेच बोलतात. मला आता ऐकवत नाही." मी एस.टी.पर्यंत सोडायला गेलो. गाडीत चढताना म्हणाली, "मी त्यांना सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही सांगा."

ती काय सांगणार नव्हती, ते आता लिहितो.

मागच्या पत्रात मी लिहिलं की तुझ्यापुढं दुसरा कागदच नव्हता. ते खोटं आहे. होता. तीन वर्षांचा होता.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तू पुण्याला शिबिराला होतास. त्या मंगळवारी दुपारी सांगली संघाचे मॅनेजर उदयसिंह आपल्या घरी आले. एकटेच, गाडी स्वतः चालवत. शिवांजलीची सुट्टी होती, तिनं चहा केला. त्यांनी पाकीट काढून माझ्यापुढं ठेवलं. तीन वर्षं. जूनमध्ये म्हणाले होते त्यापेक्षा चांगली रक्कम. खेळताना दुखापत झाली तरी कागद मोडायचा नाही, उपचार संघाचे. आणि खेळ थांबला की लहान पोरांना शिकवायची नोकरी. ते म्हणाले, "आकारामराव, मालकांशी भांडून हे आणलंय. उद्या संध्याकाळपर्यंतच हातात आहे. जयराजला फोन लावा."

मी फोन लावला नाही.

मी म्हटलं, "साताऱ्याचा कागद यायलाय. तो बघू, मग बोलू." ते म्हणाले, "सातारा कागद देणार नाही. देतील असं दाखवतील." मी म्हटलं, "ते आमचं आम्ही बघू, साहेब." ते आणखी थोडा वेळ बसले. दोनदा 'विचार करा' म्हणाले. मग पाकीट उचलून गेले. गाडी वळल्यावर शिवांजली बाहेर आली आणि म्हणाली, "आबा, ह्यांना एकदा विचारा तरी. आयुष्य त्यांचं आहे." मी तिच्यावर ओरडलो. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ओरडलो. "बोलणी कशी करायची ते मला शिकवू नकोस," म्हटलं. आणि बजावलं, की शिबिर चालू आहे, पोराच्या डोक्याला ताप नको, सातारा नक्की झालं की मीच सांगेन. तिनं शब्द दिला. पोरीनं तो आजपर्यंत पाळला, तू तिला नाही ते बोललास तरी पाळला.

चौथ्या दिवशी नाथाजींचा नकार आला. त्याच मिनिटाला तुला सगळं सांगायला हवं होतं. मी सांगायला धजलो नाही.

आता एवढं लिहिलंच आहे, तर मुळातलंही लिहितो. साताऱ्याची वाट बघायची होती हे निम्मं खरं. उरलेलं असं. उदयसिंह तुला मॅनेजर म्हणून माहीत आहेत. सतरा वर्षांपूर्वी ते आमच्या कारखान्यात नवे लेबर ऑफिसर होते. त्या साली आमचा संप फसला. कामावर परत घ्यायच्या आधी त्यांनी मला केबिनबाहेर तीन तास उभं केलं आणि माफीपत्र लिहून घेतलं. एकदा लिहिलं, तर 'अक्षर नीट काढा' म्हणून फाडून दुसऱ्यांदा लिहायला लावलं. आमच्या संघटनेची पोरं व्हरांड्यात उभी राहून बघत होती. तुझ्या आईलासुद्धा मी हे कधी सांगितलं नाही. तोच माणूस त्या मंगळवारी माझ्या घरी खुर्चीच्या कडेवर बसून मला 'विचार करा' म्हणत होता, आणि मला ते गोड लागत होतं. त्यानं रिकाम्या हातानं परत जावं, एवढंच मला त्या वेळी हवं होतं. तू माझ्या डोक्यात नव्हतासच, जयराज. हे लिहायला मला पाच आठवडे लागले.

गेल्या मंगळवारी मी सांगलीला आलो होतो. तुला सांगितलं नाही. विट्यावरून एस.टी. बदलून अकराच्या सुमारास पोचलो. तुमचा सराव चालू होता. हॉलच्या दाराशी उभा राहिलो, तुझ्या पाठीमागं. तू उडी मारून खाली आलास की डावा पाय आधी टेकत नव्हतास. कोच बघत असले की नीट चालत होतास, त्यांनी पाठ फिरवली की लंगडत होतास. शिवांजली म्हणाली होती, की घोटा सुजतोय आणि एकाच वर्षाचा कागद असल्यामुळं तू कोणाला कळू देत नाहीस. ऐकलं होतं, पण बघणं निराळं. पाच मिनिटंही उभं राहवेना.

वर ऑफिसात गेलो. उदयसिंहांनी मला बघितलं आणि उठून उभे राहिले. मीच आधी बोललो. म्हटलं, "साहेब, तो तीन वर्षांचा कागद परत मिळंल का? मी हात जोडतो." खरंच जोडले.

ते म्हणाले, "बसा आधी." पाणी मागवलं. मग म्हणाले, "तो कागद त्या दोन दिवसांचा होता, आकारामराव. त्यातले पैसे दोन पोरांत वाटले गेले. आता माझ्या हातात काही नाही." ग्लास माझ्याकडं सरकवून म्हणाले, "पण जयराजनं निदान मला एक फोन करायला हवा होता. मी मालकांपुढं तोंडघशी पडलो. तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलतो."

तुला तिथं कोणी जवळ करत नाही असं तू शिवांजलीला म्हणाला होतास ना? ते यामुळं.

मी म्हटलं, "त्याला ह्यातलं कायबी म्हाईत न्हाई. मी त्याला विचारलंच नव्हतं. त्यो कागद माझ्या घरातनं माघारी गेला, त्याच्या घरातनं न्हवं."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "त्या जुन्या गोष्टीमुळं?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मी सव्वीस वर्षांचा होतो तेव्हा. मला वाटायचं, साहेब असंच वागतात." माफी वगैरे मागितली नाही, आणि मलाही ती नको होती. दोन थकलेली माणसं एकमेकांपुढं बसली होती, बस. शेवटी म्हणाले, "हे त्याला मी सांगणार नाही. तुम्हीच सांगा. त्याच्याशी माझं वागणं मी सुधारतो. कागदाचं मात्र पुढच्या मे महिन्याशिवाय काही होणार नाही."

तुझ्या घोट्याचं माझ्या ओठावर आलं होतं. सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवलं असतं, किंवा तुला बाकावरही बसवलं असतं. मी बोललो नाही. ते सांगायचं की लपवायचं, तू ठरव. माझं मत विचारशील तर सांग त्यांना. माणूस तेव्हा होता तसा आता राहिलेला नाही. पण हे नुसतं मत आहे.

येताना जिन्यावरून तुम्ही पोरं जेवायला जाताना दिसलात. तू मागे एकटाच होतास. हाक मारली असती तर तू थांबला असतास, आणि मग मला हे सगळं जिन्यात उभं राहून बोलावं लागलं असतं. तेवढं बळ नव्हतं. बाजूला झालो. घरी येईपर्यंत दिवस मावळला. डबीतली गोळी घेतली आणि न जेवता पडलो. त्यानंतर रोज लिहायला बसतोय, आज पुरं होतंय.

काल शिवांजलीला फोन केला. तिची माफी मागितली. ती रडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "आबा, पत्र टाकलंत का?" मी म्हटलं, उद्या टाकतो. ती म्हणाली, "मग टाका आधी."

जयराज, तुझं हे एक वर्ष माझ्यामुळं धास्तीत चाललंय, आणि पुढची दोन पक्की झाली असती ती गेली. ती मला कुठूनही आणून देता येत नाहीत. तुझ्या बायकोनं दोन महिने तुझी बोलणी खाल्ली, मी शेजारच्या खोलीत ऐकत बसलो आणि वर तुला पत्र लिहिलं की तिला समजून घे. हे दुसरं मला पहिल्यापेक्षा जड जातंय.

माझ्याकडं यायची घाई करू नकोस. सुट्टी मिळाली की सांगलीहून सरळ शिरवळची गाडी धर, मधे कडेगावला उतरू नकोस. तिच्याशी बोलताना 'आबानं असं केलं' एवढ्यावर थांबू नकोस. तूही तिला न विचारताच दोषी धरलंस, तेही बोल. तुला माझ्यासारखा व्हायचं नसेल, तर एवढं कर.

मे महिन्यात पुन्हा टेबलाशी बसायची वेळ येईल. तेव्हा तू स्वतः बस. जड जाईल, एखादं वाक्य चुकेल. चुकू दे. शिवांजलीला शेजारी घेऊन बस, तिला माणसं कळतात. काय ठरलं ते मला सांगावंसं वाटलं तर सांग. नाही सांगितलंस तरी तुझ्या वतीनं मी पुन्हा कोणाच्याही दारात जाणार नाही.

तुला न विचारलेला,
आबा