कुलपाआडची बादली

बाबा,

या देशात रविवारी काच फेकता येत नाही, हे तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. माणसानं सोसायचं तरी किती? आमच्या चौकात तीन लठ्ठ लोखंडी पेट्या आहेत. पांढऱ्या काचेची एक, हिरवीची एक, तपकिरीची एक, आणि तिन्हींवर लिहिलंय की रविवारी आवाज करू नये. सकाळी मी डबा घेऊन गेलो, पहिला तुकडा आत टाकला, टिंग एवढंच वाजलं, तर कुत्रा फिरवणारे एक गृहस्थ मुद्दाम रस्ता ओलांडून आले. "आज रविवार आहे." मी जर्मनमध्ये 'हो' म्हटलं, "जा, माहितेय." "मग?"  आल्झो, म्हणजे थोडक्यात, डबा काखेत मारून परत आलो. तो आता स्वयंपाकघरात टेबलावर आहे. तुम्ही ओळखाल. तुम्हीच त्यातून बाकरवडी आणली होतीत, आणि ती संपल्यावर तुम्हीच त्यात माझ्या फुटलेल्या बाटल्यांची काच वेचून भरलीत. इतकी वर्षं तो तळघरात पडून होता. उशीर काही फक्त रविवारामुळे झालेला नाही.

आई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही इकडे आलात. मला तेव्हा घरी बिअर करायचं खूळ लागलं होतं. शिवाय इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात मी दरवर्षी लेख लिहून आपल्याच लोकांची खिल्ली उडवायचो. ऑफिसच्या पार्टीत बिअर पिणारे आणि सासरे आले की त्याच ग्लासात सफरचंदाचा रस ओतणारे, हा माझा आवडता विषय. लोक हसून हसून बेजार व्हायचे. तर त्या लेखकानं तुम्ही यायच्या आदल्या दिवशी तळघरातल्या आपल्या कप्प्याला कुलूप लावलं. इथं प्रत्येक बिऱ्हाडाला तळघरात लाकडी पट्ट्यांचा एक कप्पा असतो, कोंबड्यांच्या खुराड्यासारखा. माझी बिअरची बादली त्यात होती. तुमच्या सुनेनं विचारलं, "कुलूप कशाला? बाबा काय चोर आहेत?" मी म्हटलं, हाउसऑर्डनुंग आहे, इमारतीचा नियम. "दाखव कुठं लिहिलाय." मी विषय बदलला. तुम्ही दारू सोडलीत तेव्हा मी कॉलेजात होतो. त्यानंतर तुम्ही थेंबाला शिवला नाहीत, आणि कुलूप लावताना माझ्या डोक्यावरचे केस पिकायला लागले होते.

तुम्ही आल्यावर दोनच दिवसांत जिन्यात वास ओळखलात. "काहीतरी आंबतंय रे इथं." मग लपवण्यात अर्थ नव्हता. तुम्हाला खाली नेलं, स्वतः कुलूप उघडून आत गेलो, आणि सवयीनं म्हणा किंवा कशानंही म्हणा, दार मागे ओढून घेतलं. तुम्ही पट्ट्यांच्या बाहेर उभे. मी आतून तुम्हाला शिकवतोय. झाकणावरच्या पाण्याच्या नळीतून बुडूक बुडूक चाललंय म्हणजे यीस्ट साखर खातंय. पण बुडबुडे थांबले म्हणजे काम झालं असं समजायचं नाही. तळघरातल्या थंडीनं यीस्ट नुसतं झोपलेलंही असतं. म्हणून ही काचेची तरंगती कांडी, हिला स्पिंडल म्हणतात. साखर असते तोवर ती वर तरंगते, साखर संपत जाते तशी खाली जाते. सलग दोन-तीन दिवस तोच आकडा आला, की मगच बाटल्या भरायच्या.

"दोन-तीनच दिवस?" तुम्ही हसलात. "बरी आहे तुझी बादली. तुझ्या आईनं माझा आकडा शेवटपर्यंत घेतला."

मीही हसलो. आईची पद्धत तुम्हाला माहीत होती हे मला तेव्हा कळायला हवं होतं. तुम्ही शाळेतून यायचात, चित्रकलेच्या कागदांची गुंडाळी काखेत, आणि दारात चपला वाजल्या की आई आतून हळूच म्हणायची, "जा रे, बाबांना मिठी मारून ये." मी पळत यायचो, तुमच्या पोटाला बिलगायचो, वर तोंड करून श्वास घ्यायचो. मग आत जाऊन मान हलवायची, हो किंवा नाही. त्यावर ठरायचं की संध्याकाळी घरात मोठ्यानं बोलायचं की नाही. तुम्ही दर वेळी गुंडाळी बाजूला धरून मला जवळ घ्यायचात. बिचारं पोर किती माया करतं, असं तुम्हाला वाटत असेल, अशी माझी समजूत होती.

पुढचं तर मी तुम्हाला शिकवलं होतं तेच. बुडबुडे थांबले, मी आकडा एकदा घेतला, दुसऱ्यांदा घ्यायचा कंटाळा केला. मंडळाची माणसं शनिवारी येणार होती, त्यांच्यासमोर बाटली फटकन उघडून दाखवायची होती. साखर घालून बाटल्या भरल्या, स्प्रिंगची झाकणं घट्ट बसवली. मग एकदम ऊन पडलं, तळघर तापलं, आणि झोपलेलं यीस्ट जागं झालं.

एश्बॉर्नच्या ऑफिसातून मी संध्याकाळच्या एस-बान लोकलने आलो. जिन्यातच बिअरचा भपकारा. खाली गेलो तर तुम्ही उकिडवे बसून पंच्यानं फरशी पुसत होता. सदरा भिजलेला. तळमजल्यावरच्या आजीबाईंचा झाडू भिंतीला टेकवलेला. पट्ट्यांमधून हात घालून तुम्ही काच वेचत होता. "बरं झालं आलास. तीन-चार गेल्या बघ. मला वाटलं बॉम्बच फुटला."

मी "लागलं नाही ना तुम्हाला" असं म्हणत तुम्हाला उठवलं आणि मिठी मारली. आई गेली तेव्हाही मारली नव्हती. नाक तुमच्या तोंडाशी नेलं.

 मग मला हातभर लांब धरून म्हणालात, "मिठीची गरज नाही रे. असाच घे." आणि डॉक्टरसमोर करावं तसं तोंड उघडून, "हाऽ".

तुमच्या मागे कुलूप लागलेलं होतं, बाबा. किल्ली माझ्या खिशात होती.

मी कुलूप काढलं. तुम्ही आत आला नाहीत. बाहेरच उभे राहून डबा पुढे धरलात, "टाक यात, कुणाच्या पायाला लागेल." नंतर तुम्ही परत जाईपर्यंत तळघरात उतरला नाहीत, आणि पुढच्या हिवाळ्यात गेलात. अंत्यविधीला लोक मला सांगत होते, माणूस असा सोडून दाखवतो का कधी! मी मान हलवली. हो किंवा नाही यातलं काहीच नव्हतं त्या हलवण्यात.

आजीबाईंनी मला त्याच आठवड्यात जिन्यात गाठलं होतं. झाडू देताना त्यांनी तुम्हाला काय झालं म्हणून विचारलं, त्या जर्मनमध्ये, तुम्ही मराठीत, मध्ये तुमच्या इंग्रजीचे तुकडे. "माय सन. व्हेरी गुड बीअर. वन बॉटल फॉर यू." आजीबाई नक्कल करून हसत होत्या. "गेनाऊ, अगदी असंच! मी वाट बघतेय हं." मी त्यांना 'जा, जा', म्हणजे हो, हो, म्हटलं आणि उरलेल्या बाटल्या त्याच दिवशी मोरीत ओतल्या. बादली उलटी करून ठेवली ती ठेवलीच. तुम्ही माझी बिअर चाखणार नव्हता, तरी झाडूच्या बदल्यात ती कबूल करून बसला होता.

यंदा बादली पुन्हा सरळ केली. आकडा तोच आला, पुन्हा तोच आला, तरी भरली नाही. सूनबाई म्हणाली, "अरे झाली ना आता?" म्हटलं, राहू दे अजून. मग भरली. एकही फुटली नाही. बाटली काढायला तळघरात गेलो तेव्हा हा डबा हाताला लागला.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी तुमच्या तोंडाला बडीशेपेचा वास होता, रोजच्या जेवणानंतरचा. आणि मी मनात म्हटलं, बडीशेप कशाला खाल्ली यांनी? रात्रभर म्हणत होतो. हे पत्र इथल्या कुठल्या पेटीत टाकायचं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, तेव्हा राहील घरात.

आत्ता मध्येच उठून खाली जाऊन आलो. आजीबाईंना आता कमी ऐकू येतं, दोनदा बेल दाबावी लागली. बाटली पाहून त्यांनी आधी मला ओळखलं नाही, मग एकदम बोट वर केलं. "व्हेरी गुड बीअर!" म्हटलं, हो, तीच, उशीर झाला. त्यांनी झाकणाची स्प्रिंग चाचपून पाहिली आणि विचारलं, "तुमच्या वडिलांना आवडायची का?"

"ते पीत नव्हते," मी म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही. मग पुन्हा म्हणालो, मोठ्यानं, रविवार असून.