सुकडीनं तोललेली बाई

११ फेब्रुवारी १९७३, रविवार

ब्लाऊज फाटला! दोन्ही बाह्या, शिवणीवरच. दसऱ्याला शिवलेला. सासूबाईंनी पाहिलं आणि रागावायचं सोडून खुशच झाल्या. म्हणे, आता कशी खात्यापित्या घरची दिसून राह्यली! खात्यापित्या घरची — या दुष्काळात! घरात रेशनवरच्या त्या अमेरिकेच्या लाल मिलो ज्वारीची भाकर, तीही घशाखाली उतरत नाही. वरण कधीतरी. आणि मी फुगतेय!

आरशात पाहिलं. गाल वर सरकून डोळे बारीक झालेत. हनुवटीखाली आणखी एक हनुवटी. ही कोण बाई?

गोळीमुळे आहे हे. दिवाळीनंतर दम्यानं जीव जायची वेळ आली होती. नवऱ्यानं, देवमननं, मला उचलून एस.टी.त घातलं आणि वाशीमला नेलं. डॉक्टरांनी बारक्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. म्हणाले, श्वास येईल, पण अंग भरेल. ते मांस नाही बरं, सूज असते. आणि मनानं एकदम बंद करायची नाही, जिवावर बेतेल. मी म्हटलं, श्वास येऊ द्या आधी.

आला श्वास. लहानपणापासून मी उशीला टेकून बसून झोपत आले, आता आडवी झोपते. त्याची किंमत काय ते आज ब्लाऊज फाटल्यावर कळलं.

१४ फेब्रुवारी

गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम चाललंय. सारं गाव तिथंच, माती वाहते. शाळा सुटली की तिथं जाऊन सरकारी सुकडी, मजुरांना मिळणारा तो गोड कोरडा खाऊ, वाटायची ड्यूटी तहसिलीनं माझ्या गळ्यात घातली. मास्तरीन आहे, लिहितावाचता येतं, म्हणून. दुसऱ्या कुणाला नको होती म्हणून, हे कुणी बोललं नाही.

आज प्रयागबाईनं तोंड उघडलं. गावात तिच्या जिभेला सारेच भितात. पोर कडेवर, पदर पसरलेला — आणि पदर असा लांब धरते की माझा हात लागू नये. माझ्या हातची सुकडी चालते, माझा हात चालत नाही! बाबासाहेबांनी आम्हाला बुद्धाच्या वाटेला लावून इतकी वर्षं झाली, आमच्या माठातलं पाणी अजून हिच्या घशाखाली उतरत नाही. असो. तर म्हणाली —

"मास्तरीनबाई, सुकडी मानवली म्हना तुमाले."

रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. घरी येईपर्यंत कान तापलेले होते.

१८ फेब्रुवारी, रविवार

मी खाल्ली नाही. एक चिमूट नाही! इथं तरी लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कोण ऐकतं?

आणि खरं सांगू? भूक लागते. ही गोळी माणसाला राक्षसासारखी भूक लावते. जेवून उठले की पुन्हा पोटात खड्डा. आणि माझ्यापुढे कोण? तर सुकडीचं पोतं! गूळ, तेल, भाजलेलं पीठ — वास नुसता नाकात शिरतो. काल वाटताना बोटांना चिकटली. सगळ्या बाया पाहत होत्या. मी बोटं मातीत पुसली. गूळ लागलेली बोटं मातीत! डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. थोडं भुकेचंही असेल.

देवमन कारंजाहून आला होता, तिथल्या एस.टी. डेपोत कामाला आहे, आज त्याला सुट्टी. त्याला सांगितलं. म्हणाला, तू गोळी घे, लोक गेले खड्ड्यात. त्याला काय होतं म्हणायला? तो उद्या सकाळच्या गाडीनं कारंजाला जाईल. त्या लोकांच्या पोरांना बाराखडी मी शिकवते. माझं नाव गेलं तर वर्गात उभी कशी राहू?

२० फेब्रुवारी

पोतं बरोबर, वाटप बरोबर, तरी बाई जाड कशी? — हा त्यांचा हिशेब. मुकादम जगदेवनं तोंडावर विचारलं. मी म्हटलं, औषधानं होतं असं. तो म्हणतो, औषधानं मानूस वाळते बाई, जाड झालेला कोनी पाह्यला नाई.

२६ फेब्रुवारी, सोमवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

सुकडीची नवी पोती आली. तीन बल्ल्यांच्या तिकाटण्याला मोठा काटा टांगला होता. जगदेवला चेव आला. आपल्याकडे नवसाचं पोर जगलं की देवापुढं गुळानं तोलतात, तसं म्हणे मास्तरीनबाईले सुकडीनं तोलू! नवस फेडू बाईचा! मग दर पोत्याबरोबर बाईलेबी तोलत जाऊ, म्हंजे कळंन कोन वाढून राह्यलं अन् काय कमी होऊन राह्यलं. हशा. बायासुद्धा हसल्या. मी शिकवलेली पोरं मातीच्या ढिगावर उभी राहून पाहत होती.

माझं डोकंच फिरलं. मुकाट निघून यायला पाहिजे होतं. पण मी चप्पल काढली, पदर खोचला आणि पारड्यात जाऊन बसले. म्हटलं, तोला! होऊनच जाऊ द्या! शाळेत पोरांना 'मला' म्हणा म्हणून छडी आपटते, आणि तिथं ओरडले — तोला मले!

पलीकडे पोती चढवली. दोर करकरला. मी वर उचलली गेले, पाय लोंबकळत. एवढी अधांतरी मी कधी झाले नव्हते. वजन ओरडून सांगितलं, तेव्हा कुणीतरी शिटी मारली. मी काही म्हैस आहे का बाजारातली? काटा होता, माप होतं, सगळं होतं. लाज तेवढी कुणाकडे नव्हती!

एकानं तरी म्हणावं — बाई खरं बोलते. एवढंच हवं आहे मला. बस.

२७ फेब्रुवारी

आज गोळी घेतली नाही.

२८ फेब्रुवारी

आजही नाही.

५ मार्च

अंग ठणकतंय. सकाळी उठताना भिंत धरावी लागते. चूल पेटवताना डोळ्यांपुढं अंधारी आली. पण गाल उतरले! सासूबाई म्हणाल्या, काहून वं, नजर लागली काय तुले? म्हटलं, लागली, साऱ्या गावाची.

१२ मार्च, सोमवार

पोती आली, काटा लागला, मी चढले. वजन उतरलेलं! आता तरी तोंडं बंद होतील, वाटलं.

जगदेव लोकांकडे वळून म्हणाला, "पाहा! नजर ठेवली तशी बाई उतरली. म्हंजे खातच होती."

मी बोलायला तोंड उघडलं. आवाज नाही. छातीत शिट्ट्या सुरू झालेल्या. ते समजले, चोरी पकडली म्हणून गप्प बसली!

२१ मार्च

दवाखान्यातून परत आले. त्या सोमवारच्या रात्री काय झालं ते मला धड आठवत नाही. सासूबाईंनी शेजारच्या सेवालालची बैलगाडी जुंपायला लावली, इतकं कळतं. गाडी कुठं थांबली, कधी पोचली, काही नाही.

डॉक्टर रागावले. माझ्यावर! गोळी एकदम कुणी सोडायला सांगितली? शरीराला तिची सवय लागलेली असते, आतली ताकदच बंद पडते. सोडायची तर चतकोर चतकोर कमी करत, तेही आम्ही सांगू तसं. थोडक्यात वाचलात बाई. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, आमच्या गावात जाड असणं हा गुन्हा आहे. ते हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात?

देवमन उशाशी बसून रडला. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्याला वचन दिलं, आता सोडणार नाही.

२ एप्रिल, सोमवार

पुन्हा फुगले. पुन्हा ड्यूटी. काटा लागला तेव्हा मी चढले नाही. पोत्यावर चढून उभी राहिले, हातात गोळ्यांची बाटली. सरळ त्यांच्या बोलीत बोलले —

"आइका! सुकडीनं नाई, या गोळीनं फुगते मानूस! महिनाभर उपाशी ठेवा अन् ही गोळी द्या, तरी फुगते! आता सांगा मले, म्या काय चोरलं?"

हसले सगळे. जगदेव तर वाकून वाकून. प्रयागबाई तेवढी हसली नाही. पोरीला, गंगूला, कडेवर घेऊन नुसती पाहत राहिली.

संध्याकाळी ती आमच्या ओट्यापाशी आली. वर चढली नाहीच, खालीच उभी. गंगू तिच्या खांद्यावर मान टाकून. दोन वर्षांची पोर, बरगड्या मोजून घ्याव्या अशा. विचारलं, "मास्तरीनबाई, खरंच उपाशी मानूसबी फुगते काय?"

मला वाटलं, झाली हिची उलटतपासणी सुरू! काय खरं काय खोटं ते ठरवायला आली वकिलीन. माझा तोल गेला. घरातून रिकामी झालेली बाटली आणली आणि तिच्या पायाशी टाकली. वर गोळीचं नाव छापलंय. म्हटलं, घे, ने वाशीमला, कोणत्याबी दुकानात दाखव अन् विचार खरं काय ते! मग ये मले चोर म्हनायले!

तिनं बाटली उचलली, पदराला पुसली, कनवटीला लावली. गेली.

१४ एप्रिल

भीमजयंती. पांढरं पातळ, पण ब्लाऊज एकही अंगात शिरेना. सासूबाईंनी काखेत दुसऱ्या कापडाचे तुकडे जोडून दिले. देवमन म्हणाला, राणी दिसतेस. खोटारडा! तरी बरं वाटलं.

भाषण केलं. दम न लागता, पहिल्यापासून शेवटपर्यंत, माईकशिवाय. मागच्या वर्षी तीन वाक्यांत खोकला आला होता. गोळीला शिव्या देते, पण ही गोष्टही इथं लिहिली पाहिजे.

१९ एप्रिल

प्रयागबाईच्या हातात चांदीचे गोट दिसत नाहीत. आईकडचे होते, कधी उतरवत नव्हती. विकून दाणे घेतले असतील बिचारीनं. राग असला तरी हे वाईटच.

३ मे

प्रयागबाई आताशा पोरीशिवाय येते कामावर. विचारलं तर म्हणाली, गंगू आत्याकडं हाय, अनसिंगले. तिथं सावली हाय, पानी हाय. मला टोमणा मात्र मारत नाही. पदरही जवळ धरते. उन्हानं जीभ सुकली असेल.

बाकीच्यांचं चालूच. जगदेवनं मला नाव ठेवलंय — 'सरकारी पोतं'. पोरं पाठीमागून म्हणतात. मी वळून पाहते, तेव्हा माझ्याच वर्गातली निघतात. शाळा उघडू दे, एकेकाला पाहते!

१६ मे

डॉक्टरांकडे जाऊन आले. गोळी जरा कमी केली, चतकोरानं. म्हणाले, घाई नको. वर्ष लागेल. लागू दे. वर्षभर जाड राहीन. एवढ्या लोकांना वर्षभर पुरेल असं खाद्य तरी मिळेल माझ्यामुळं!

२७ मे, रविवार

सकाळी प्रयागबाई आली. आज ओट्यावर चढली, सरळ दारात. तोंडभर हसू. म्हणाली —

"मास्तरीनबाई, तुमी खऱ्या होत्या. सगळ्याइले सांगतलं म्या. गोळीनंच होते. पाहा ना माह्या गंगूकडं!"

कडेवर गंगू. गाल टम्म, तोंड गोल, डोळे बारीक. पोट पुढं. हातपाय तेच, काडीसारखे. माझंच तोंड, दोन वर्षांच्या पोरीला लावलेलं.

मग प्रयागबाई म्हणाली, "गोट इकून तुमच्या बाटलीवाल्या गोळ्या आनल्या होत्या, त्या परवा सरल्या. पोर कालपासून उलट्या करून राह्यली, खेळत नाई. तुमच्याजवळ दोन-चार हायेत काय?"

पोरीचं कपाळ गार लागलं. गोळी मोडून तिच्या तोंडात टाकली, मीच. दुपारच्या गाडीनं दोघींना घेऊन वाशीमला निघालेय. पाणी आमच्या माठातलं पाजलं. प्रयागबाईनंच पेला धरला.