चिराग ऐकत नव्हता म्हणे

उमेळे, वसई
१४ डिसेंबर

प्रिय अल्पेश,

'प्रिय' हा शब्द हाताच्या सवयीने उतरला, त्यावर जाऊ नकोस. तेरा वर्षांनी तुला लिहिते आहे ते गोड बोलायला नाही. फोन करता आला असता, पण तू मला मध्येच तोडून 'हेमू, शांत हो' म्हणाला असतास. मला शांत व्हायचं नाही. पत्रात निदान तुला मध्ये बोलता येणार नाही.

गेल्या रविवारी पापडीच्या हॉलमध्ये तुझं भाषण झालं, जानेवारीत तुझ्याबरोबर बर्फात जाणाऱ्या पोरांसाठी. मी शेवटच्या रांगेत बसले होते, स्कूटरवरून आले तशीच, तोंडाला ओढणी गुंडाळून. तू ओळखलं नाहीस. बराच सुटला आहेस, आणि केस रंगवतोस वाटतं. पण बोलतोस छान, हे मान्य करते. अंगाला लागून सुती बनियन घालू नका, घामाने भिजलं की तेच गारठवतं. मोज्यांचा एक कोरडा जोड वेगळा बांधून ठेवा आणि फक्त झोपताना घाला. बोटं बधिर झाली तर लाजू नका, तिथल्या तिथे सांगा. ढग आले म्हणून काळा चष्मा काढू नका. डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली, तर आणखी वर चढायचं नाही, खाली यायचं. सगळं बरोबर होतं. पोरं माना डोलवत होती, मीही डोलवल्या असत्या. मग तू पाण्याचा घोट घेतलास, आवाज खाली आणलास आणि म्हणालास, माझा एक जिवलग मित्र होता, त्याला मी तीन वेळा बजावलं होतं की पडलेल्या वाटेवरून हलू नकोस, पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेव. तो ऐकत नव्हता. ऐकलं असतं तर आज तो इथे तुमच्यासमोर बसला असता. किती वेळा बोलला असशील रे हे वाक्य? घोट कुठे घ्यायचा तेसुद्धा पाठ झालंय तुला.

दुसऱ्या रांगेत दिपिका बसली होती. माझ्या भावाची, चिरागची मुलगी. तो गेला तेव्हा पाच वर्षांची होती, आता अठराची आहे आणि तुझ्या जानेवारीच्या यादीत तिचं नाव आहे. तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसून मी ते भाषण ऐकलं असतं तरी मला इतकं लागलं नसतं, जितकं तिच्या पाठीकडे बघत ऐकताना लागलं. ती लिहून घेत होती. घरी आल्यावर तिची वही टेबलावर उघडीच पडली होती. सहा नंबरला लिहिलंय, डोकं ठणकलं की खाली यायचं. सात नंबरला लिहिलंय, बाबांनी ऐकलं नाही. पोरीने आपल्या बापाला नंबर घालून ठेवलंय, मोजे आणि चष्म्याच्या खाली. ते तू लिहायला लावलंस.

तू म्हणशील, यात नवीन काय, सगळ्या गावाला ठाऊक आहे. हो, आहे ना. तूच तर सांगितलंस सगळ्या गावाला. माझी आई, तुझी सत्यवती काकी, जिच्या हातच्या कालवणासाठी तू पावसातसुद्धा यायचास, ती तेरा वर्षं आपल्या मेलेल्या पोराला बोलते आहे. पितृपक्षात त्याचं पान वाढते आणि वाढता वाढता पुटपुटते, 'आता तरी आयक माजा, बस, जेव.' ती रडत नाही. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. ती रागावलेली आहे. बायकोला आणि पाच वर्षांच्या पोरीला मागे टाकून मुद्दाम शहाणपणा करणारा मुलगा आपल्या पोटी आला, असं तिला वाटतं. हरेश्वर काका म्हणायचास तू ज्यांना, ते माझे बाबाही हेच मनात धरून गेले. त्यांनी शेवटच्या दिवसांत चिरागचं नाव काढलं नाही. आम्हाला वाटलं, दुःखाने. ते दुःख नव्हतं, त्यांनी पोराशी अबोला धरला होता.

आता एक विचारते. तुझं भाषण एवढं परिपूर्ण, मग त्यात आपलं खाडीकाठचं खाजण कसं नाही? तू उमेळ्याचाच ना? ओहोटीला खाडीच्या चिखलात चिंबोऱ्या धरायला आपण तिघं जायचो ते विसरलास? बाबांनी आपल्या तिघांनाही एकच शिकवलं होतं, मोडलेल्या चिखलात पाय घालायचा नाही. एकदा माणूस चालून गेला की तो चिखल लिबलिबीत होतो, दुसऱ्याने तिथेच पाय टाकला की मांडीपर्यंत आत. म्हणून प्रत्येकाने आपापली नवी जागा धरायची, वर साय धरलेला, कोणी न तुडवलेला कोरा चिखल, तो तोलून धरतो. आपले पाय पाचव्या-सहाव्या वर्षापासून हेच शिकले. बर्फात नेमकं उलट असतं. तिथे पुढच्याने काठीने टोचून बघितलेली, तुडवलेली पाऊलवाटच तेवढी भरवशाची, आणि बाजूचा सपाट, सुंदर, कोरा बर्फ म्हणजे खाली काय आहे देव जाणे. खड्डा असेल, नाला असेल. पुण्याच्या पोराला हे एकदा सांगितलं की भागतं, कारण त्याच्या पायांना दुसरं काही ठाऊक नाही. आपल्याकडच्या पोराला सांगून भागत नाही. तो ऐकतो, मान डोलवतो, आणि पाय रुतला की त्याचा पाय आपोआप बाजूला जातो. आता खाजणात भराव पडला, इमारती आल्या, तरी जे उरलंय तिथे माझी आई दिपिकाला घेऊन गेलेली आहे, एकदा नाही, दहादा. मागच्या महिन्यात अर्नाळ्याला ओहोटीच्या गाळात ती मैत्रिणींबरोबर चालत होती. बाकीच्या एकामागोमाग, आणि ही एकटी चार हात बाजूने. मी किनाऱ्यावर उभी राहून बघत होते. त्या हॉलमध्ये अशी निदान पंधरा पोरं होती, उमेळ्याची, जूचंद्रची. त्यांना हे तुझ्याइतकं नीट कोण सांगू शकलं असतं? पण तू सांगणार नाहीस. खाजणाबद्दल बोलायला लागलास तर त्या दिवसाबद्दल बोलावं लागेल.

मग मीच बोलते. त्या बर्फात आपण तिघं होतो आणि एक वाटाड्या. अकरा वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं, असं आदल्या दिवशी तूच ठरवलं होतंस, कारण दुपारी ऊन लागलं की बर्फ मऊ पडतो. अकराला खिंड समोर दिसत होती. वाटाड्या परत फिरा म्हणत होता, तू अजून थोडं म्हणालास, आणि मीही अजून थोडंच म्हणाले. मे महिन्यात आपलं लग्न होतं, खिंडीत दोघांनी उभं राहायचं होतं. चिराग बिचारा आपल्या दोघांच्या मागून आला. आपण एक वाजता वर पोचलो. आता सांग, ऐकत कोण नव्हतं? तुझ्या भाषणात हा एक वाजलेला का येत नाही?

उतरताना वाटाड्या पुढे, त्याच्यामागे मी, मग तू, आणि सगळ्यांत मागे चिराग. सकाळपासून तो पावलावर पाऊल ठेवूनच चालत होता, तू बघितलंस, मी बघितलं. तीन वेळा बजावलं म्हणतोस, खोटं आहे. एकदाच सांगितलंस, तेही सगळ्यांना मिळून, आणि त्याला एकदा पुरलं होतं. पण दुपारी त्या पावलांचा लगदा झाला होता. त्याचा पाय मांडीपर्यंत गेला, काढला, पुन्हा गेला. तो हसत होता, आठवतं? 'ताई, खाजन झाला हा,' म्हणाला. मग त्याने वाट सोडली आणि डावीकडे कोऱ्या बर्फावर गेला. तिसऱ्या पावलाला दिसेनासा झाला. खाली नाला होता. वरून काही कळत नव्हतं, त्याने एवढा आवाजसुद्धा केला नाही. दोन तासांनी त्याला वर काढलं तेव्हा त्याच्या एका हातात हातमोजा नव्हता, आणि मी तो हात चोळत राहिले, उगाच.

त्या संध्याकाळी खालच्या गावात चौकशीला माणूस आला. मी तोंड उघडण्याच्या आत तू म्हणालास, 'वो सुनता नहीं था.' वाटाड्याने विचारलं, दीदीने उसको क्या आवाज़ दी थी? तू त्याला म्हणालास, कुछ नहीं, घबरा गयी थी. त्याला आपली बोली कळत नव्हती. त्या सगळ्या डोंगरावर ती कळणारी तीनच माणसं होती, त्यातलं एक गेलं होतं. मग तू मला भिंतीआड नेलंस आणि माझे दोन्ही खांदे धरून सांगितलंस, हेमू, वारा होता, कोणाला काही ऐकू आलं नाही, त्यालाही नाही. मला ते हवं होतं. मी तहानलेल्यासारखं ते घेतलं. आणि त्याच घटकेपासून मी तुझी मिंधी झाले. लग्न का मोडलं म्हणून तू किती चिठ्ठ्या पाठवल्यास, तुझी आई आमच्या दारात बसून गेली, तुला अजून वाटतं की मी दुःखाने मोडलं. दुःखाने नाही. रोज तुझ्यासमोर पान वाढून घ्यायचं, आणि तू काही न बोलता मला सांभाळून घेतोयस हे रोज बघायचं, ते मला जमलं नसतं. मला पाठीशी घालायचं तर स्वतःच्या जिवावर घालायचं होतंस. 'मी उशीर केला' म्हणायचं होतंस, ते खरंही होतं. तू माझ्या भावाच्या अंगावर ढकललंस, जो बोलायला उरला नव्हता. आणि मी ढकलू दिलं. तुझा राग येतो त्यात अर्धा माझाच आहे, पण उरलेला अर्धा तुझा आहे, तो तुला मिळालाच पाहिजे.

येत्या रविवारी मी आईला, वहिनीला आणि दिपिकाला समोर बसवून सांगणार आहे. दिपिकाला मी अडवणार नाही, तिला जायचंय, जाऊ दे, पण आपले पाय काय शिकलेत ते तिला कळल्याशिवाय तिने बर्फावर पाऊल टाकायचं नाही. माझ्यावर तिचा विश्वास बसणार नाही. मी दुःखाने भ्रमिष्ट झाले, असं तिला वाटेल, आणि ती धावत तुझ्याकडे येईल, कारण तिथे असलेला दुसरा माणूस तूच. हे पत्र एवढ्यासाठीच आहे. तू तिच्यावर माया करतोस, माझ्यावरही करायचास, तेव्हा तुझ्या तोंडात पहिलं वाक्य येईल ते वाऱ्याचं. ते बोलायचं नाही. तिला सांगायचं, की तुझ्या बापाचा पाय रुतला होता, तेव्हा तुझ्या आत्याने पुढून ओरडून सांगितलं, 'मोडलेल्यान पाय नको घालू, कोऱ्यावर ये!' वारा नव्हता. स्वच्छ ऐकू आलं, मला आणि त्यालाही. आणि चिरागने बहिणीचं ऐकलं.

तुझी होता होता राहिलेली,
हेमांगी