मातृझाडांची पानं

३ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पान बाहेरून इतकं टवटवीत असताना आतून ओसाड कसं असेल? पदवी घेऊनही मला उत्तर देता येत नाही, म्हणून तुम्हाला विचारते.

चहाच्या पानाच्या आत झाडाच्या कामाचे जिवाणू राहतात. ते मुळं फुटायला मदत करतात, रोग अडवतात. इथे प्रयोगशाळेत पान वरून निर्जंतुक करून तुकडे काचेच्या बशीत ठेवले की चार दिवसांत कडेनं त्या जिवाणूंचं दुधाळ वलय धरतं. तुमच्या मळ्यातून आलेल्या फवारलेल्या पानांनाही थोडंफार धरलं. पण ज्यांची कलमं करतात त्या मातृझाडांच्या पानांना काहीच नाही. तीनदा करून पाहिलं. तिथे तर फवारणीला बंदी आहे, नोंदवही कोरी आहे. सोळा तारखेला तिथली चाळीस हजार कलमं नव्या उतारांवर जायची आहेत. फवारणीचे मुकादम तुम्ही. तुमच्या कानावर काही आलंय का?

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो राहू द्या.

तुमची लेक

५ जून

चि. पंडिताबाईंस,
अ. आ.

आई विचारते, जी दिवसभर पानांना बशीत वाढते ती स्वतः काय जेवते?

वही कोरीच असणार. पंपात रोज शेवटी बुरशी मारायचं तांब्याचं औषध उरतं. ओढ्यात ओतायला माझा हात धजत नाही, खालची वस्ती तेच पाणी पिते. म्हणून ते मातृझाडांना देतो. घरच्या लेकराच्या ताटात दोन घास जास्त, इतकंच. सहा वर्षं झाली. पानावर डाग नाही, साहेब कौतुक करतात. फक्त गेल्या साली लावलेली कलमं बुडाशी काळी पडताहेत. कलमं बघणारे माळीबुवा हवेला दोष देतात.

हे तुझ्यामाझ्यात ठेव. निवृत्तीला वर्ष उरलंय, जाता जाता शोभा नको.

बाबा

१३ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र चारदा वाचलं. तुम्ही ओढा वाचवलात याचा मला अभिमान आहे. माळीबुवांकडून ती काळी कलमं मागवून चिरली. वलय नाही. बशीभर नुसती काळी बुरशी वाढली. रोजच्या औषधानं मातृझाडांतले जिवाणूही मेले, तिला अडवायला कलमांच्या आत कुणी उरलंच नव्हतं. सहा वर्षांत लावलेले सगळे उतार याच झाडांच्या कलमांचे आहेत, बाबा.

साहेबांना कळवलं, कलमं थांबवा. ते म्हणाले, कारण दाखवा, वहीत तर काहीच नाही. कारण फक्त तुमच्या अक्षरात होतं.

रागवा, पण परकी करू नका. तुमचं पत्र अहवालाला जोडून आज सकाळच्या गाडीनं साहेबांकडे पाठवलं आहे.

तुमची लेक