उन्हात वाळवलेल्या गोळ्या

छत्रपती संभाजीनगर,
१३ नोव्हेंबर २०२४

ती. सत्यशीला आत्यास,

मोहिनीचा नमस्कार. मी बरी आहे. तुझा गुडघा पुन्हा सुजलाय, असं रविराजदादा म्हणाला. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

दादाने आणखीही सांगितलं. तुमच्या बायकांच्या गटाच्या बैठकीत छबुबाई म्हणाल्या, "लई शिकली तुमची मोहिनी, पर तिच्या गोळ्यांनी आमचं कांद्याचं बी मारलं." आणि तू म्हणालीस, "मला काय ठावं बाई? तिनं दिल्या, मी टाकल्या."

आत्या, तुला ठावं होतं. चार वर्षं मी प्रयोगशाळेत या गोळ्यांतल्या झिओलाइट खनिजावरच काम करते आहे. त्याच्या पोटातल्या बारीक छिद्रांत पाण्याचा कण कसा शिरतो, किती हळू सरकतो, आतल्या भिंतीला कसा चिकटून बसतो, एवढंच मी मोजते. तुझ्या ओट्यावर बसून सांगितलं होतं, की या गोळ्या बियाण्यातला ओलावा ओढून घेतात. एकदा भरल्या की अडीचशे अंशांवर दोन तास तापवायच्या, मगच दुसऱ्या खेपेला घालायच्या. परळीच्या बेकरीवाल्या आदिनाथशी त्याच्या भट्टीसाठी बोलून ठेवलं होतं. डब्याच्या झाकणावर तसं लिहिलेला कागदही चिकटवला होता.

तू भरलेल्या गोळ्यांना नुसतं ऊन दाखवलंस. जुन्या लुगड्यावर कुरडयांसारख्या पसरल्यास. "मे महिन्याचं ऊन हाय, दगडबी वाळंल!" कुरडई वाळते गं. या गोळ्यांच्या आतलं पाणी त्या उन्हाने हललंसुद्धा नाही. त्याच भरलेल्या गोळ्या ओल्या बियाण्यात घालून तू डबे घट्ट लावलेस. बी आतल्या आत गुदमरलं. अकरा जणींच्या वाफ्यांत कोंब नाही, आणि नाव माझं!

मला एवढा राग आलाय की काल काट्यावरचे आकडे चुकीचे उतरवले. तीन नोंदी रद्द केल्या.

ते उन्हाचं वाक्य मला दादाने सांगितलेलं नाही. तू लुगडं पसरलंस तेव्हा मी तुझ्या गच्चीवरच होते. ते पाहून मी म्हणाले, "आत्या, हे असं नाही..." तू म्हणालीस, "मोहे, तुला मी शिकवलंय. मला नको शिकवू." छबुबाई हसल्या. मी चहाचे कप उचलून खाली गेले. मूठभर गोळ्या तोलून दाखवल्या असत्या, तरी वजनावरून त्या पाण्याने भरलेल्या आहेत हे कळलं असतं. काटा माझ्या पिशवीत होता. तुझा मान राहावा म्हणून मी अकरा जणींचं बी जाऊ दिलं. हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

शाळेत जायच्या आधी दोन वर्षं तू मला पाटीवर गणितं घातलीस. चुकलं की पुसू द्यायची नाहीस. "रेघ मार, शेजारी बरोबर लिही. चूक दिसू दे." माझी प्रयोगवही अजून तशीच आहे. मग बैठकीत तू का पुसलंस?

२४ तारखेला, रविवारी, सकाळच्या एसटीने धर्मापुरीला येते. सगळ्यांना छबुबाईंच्या ओट्यावर बोलवायला दादाला सांगितलंय. मी पाहून गप्प बसले, हे मी सांगणार आहे. गोळ्या उन्हात वाळवल्या, हे तू सांग. नाही सांगितलंस तर तेही मीच सांगेन, तुझ्या समोर बसून.

राग गेलेला नाही. तरी पाया पडते.

जिला तू पाटी कधी पुसू दिली नाहीस ती,
मोहिनी