आईचा आवाज सुरू होतो तिथून

अब्बा, वडूजच्या दुकानातल्या तुमच्या कॅसेटी आता सांगलीत कॉम्प्युटरवर आहेत. वाचनालयाच्या माडीवर आम्ही काहीजण रविवारी बिनपगारी जमतो आणि त्या नीट लावतो. रेडिओ दुरुस्त करता करता तुम्ही गावोगावच्या आयांना समोर बसवायचात, फौजेत गेलेल्या पोराशी टेपवर बोलायला लावायचात, कॅसेट पोस्टानं धाडायचात आणि एक प्रत कपाटात ठेवायचात. लिहिता न येणाऱ्या बायकांची ती पत्रंच होती.

सुरुवातीला आमचा नुसता सावळागोंधळ. फाईलला कुणी गावाचं नाव द्यायचं, कुणी पोराचं, कुणी नुसतंच 'आई'. शोधत आलेला माणूस हात हलवत परत जायचा. मला ते सोसेना, कारण तुमच्या हातून एकदा दोन पाकिटांची अदलाबदल झाली होती तो दिवस मी पाहिलाय. अम्मीनं वाढलेलं ताट तसंच झाकून राहिलं. "त्या पोराला दुसऱ्याचीच आय पाठवली मी," एवढंच तुम्ही म्हणत होता, भिंतीकडं बघून.

म्हणून नियम मीच सुचवला. सगळ्या फायलींची नावं एकाच पद्धतीची, आणि प्रत्येक फाईल आईचा आवाज सुरू होतो तिथून. आधीची खरखर, दुकानातला गलका, खाकरणं, सगळं छाटायचं. त्या आधीच्या भागात तुम्ही होता. आमच्यातल्या एक बाई म्हणाल्या, वडिलांचा आवाज तेवढा राहू द्या. मी म्हटलं, सगळ्यांना एकच नियम. तुम्हीही हेच म्हणाला असता असं मला वाटलं, अजूनही वाटतं. जागा पुरेना तेव्हा न छाटलेल्या प्रती आम्ही पुसल्या, मूळ कॅसेटी खालच्या खोलीत होत्याच की. त्याच पावसाळ्यात कृष्णेचं पाणी त्या खोलीत शिरलं. चिखलातून काढलेली एकही कॅसेट पुन्हा बोलली नाही.

परवा खटावकडचे एक निवृत्त फौजी आले. त्यांची फाईल लगेच सापडली, मला केवढा आनंद झाला. कानाला हेडफोन लावून त्यांनी आईला शेवटपर्यंत ऐकलं, डोळे पुसले, आणि मला विचारलं, "आय माझीच हाय. पण आधी त्यो दुकानदार बोलायचा, त्यो कुठं गेला?"

मी हेडफोनची वायर गुंडाळत राहिले. त्यांना वाटलं मला ठाऊक नसेल, म्हणून त्यांनीच म्हणून दाखवलं. "आक्का, रडू नगासा. पोरगं लांब हाय, तिथं त्याचं डोळं पुसायला कोण न्हाई." बर्फातल्या चौकीवर ही कॅसेट लागली की या वाक्याला सगळी पोरं गप व्हायची, आणि मग आई बोलायची, असं त्यांनी सांगितलं. मी तुमची मुलगी आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. फक्त ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि फोनवर घेतलं.

ते आमच्या कुठल्याच नियमात बसत नाही, म्हणून संग्रहात घातलेलं नाही. रोज ऐकते. हे तुम्हाला पोचायचं नाही म्हणूनच लिहिते, अब्बा. आता तुमचा आवाज आठवायला बसले की त्या फौजींचाच ऐकू येतो.