कॉफी उकळायच्या आत

आत्या,

तुम्ही पहाटेच्या नमाजाला बसलात तेवढ्यात साखर तपासायला निघतेय. रागावू नका. गेल्या खेपेला उपाशीपोटी साखर तपासायची होती, आणि तुम्ही कॉफीबरोबर खजूर पुढे केलेत. "खजुराला कुणी साखर म्हणतं का गं?" तुमचं मन मोडवेना, तीन खाल्ले, तपासणी वाया गेली. या पोटातल्या बाळाच्या वेळी तरी मला तसं नकोय.

झुवैनाच्या डब्यात हलवा घालू नका, अंडी उकडून ठेवलीत. शाळेत चालतच सोडा.

तुमचा सालिम खालून हॉर्न वाजवतोय, पण हे लिहिल्याशिवाय पाय निघत नाही. काल पाहुण्या बायकांसमोर तुम्ही झुवैनाला खादाड म्हणालात. सगळ्या हसल्या, तीही हसली. मग न जेवताच झोपली. सात वर्षांची आहे हो ती.

ती पोटात होती तेव्हाही माझी साखर वाढली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आईची साखर अशी राहिली तर मूल पुढे जाड व्हायचा धोका वाढतो. होतंच असं नाही, पण गोड आवरा. मी घरात कुणाला बोलले नाही आणि खात राहिले. ती पावणेपाच किलोची जन्मली, तुम्ही गल्लीभर हलवा वाटलात, तेव्हाही गप्पच बसले.

खादाड म्हणायचंच असेल तर मला म्हणा. तिला पहिला हलवा मीच भरवला, ती जन्मायच्या आधी.

रय्या